बहुवर्षायू फुलं आणि बागेतली झाडं लावताय? आधी झाडाची मान ओळखा

नर्सरीत गेलं की आपण सगळे एकच करतो, जे रोप फुलांनी भरलेलं दिसेल ते उचलतो, घरी आणतो, खड्डा खणतो, बसवतो आणि वरून बदाबदा पाणी. हंगामी फुलांचं असं चालून जातं कारण त्यांचा खेळच चार-सहा महिन्यांचा, पण बहुवर्षायू फुलझाड किंवा मोठं झाड लावताना पहिल्या दिवशी जे चुकतं ते कधीकधी पाच-सात वर्षांनी कळतं, आणि तोवर दुरुस्त करायची वेळ गेलेली असते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, अगदी पहिल्यांदा हातात खुरपं घेणाऱ्यांसाठी.

पिओनी म्हणजे थंड हवेतलं मोठ्या फुलांचं बहुवर्षायू झाड, तिचा माझा पहिला गड्डा मी मोठ्या प्रेमाने खोल लावला होता, थंडीत सुरक्षित राहील म्हणून. चार वर्षं नुसती हिरवीगार पानं, कळी एक नाही. खत बदललं, पाणी कमी करून बघितलं, जागा चुकली का असं वाटलं. शेवटी उकरून पाहिलं तर गड्ड्यावरचे ते लालसर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, जमिनीखाली सहा इंचांवर! पिओनीला डोळ्यांवर दीड-दोन इंचांपेक्षा जास्त माती चालत नाही, जास्त खोल गेली की पानं येतात पण फुलायची नाही. वर उचलून लावली, मग पुढे तिसऱ्या वर्षी फुलली. तेव्हापासून मी कुठलंही रोप लावताना आधी एकच गोष्ट शोधते, त्याची मान.

मान म्हणजे मूळ संपून खोड किंवा फुटवे जिथून सुरू होतात ती जागा. फुलझाडात तिथूनच दर वर्षी नवे कोंब येतात आणि मोठ्या झाडात तिथे खोड खाली जाताना पसरट होतं. ही मान मातीत गाडली गेली की सड, फुलं न येणं, साल कुजणं, मुळांचा गळफास अशी सगळी दुखणी मागे लागतात, आणि फार वर राहिली तर मुळं उघडी पडून सुकतात. बाकी खतं-औषधं वगैरे सगळं नंतर.

बहुवर्षायू म्हणजे नेमकं काय

बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून सांगते, बहुवर्षायू म्हणजे बारा महिने फुलणारं नाही. दोनपेक्षा जास्त वर्षं जगतं ते बहुवर्षायू, फुलणं मात्र बहुतेकांचं ठराविक दिवसांचंच असतं. पिओनीचा बहर जेमतेम आठ-दहा दिवस, डेलिलीचं तर एक फूल एकच दिवस टिकतं पण दांड्यावर कळ्या भरपूर म्हणून बहर काही आठवडे चालतो. यातली बरीचशी झाडं थंडीत जमिनीपर्यंत वाळून जातात आणि नवीन माणूस समजतो की मेलं, उपटून टाकतो. थांबा! खाली मूळ जिवंत असतं. होस्टा आणि बलून फ्लॉवर तर वसंतात इतक्या उशिरा उगवतात की तिथे काही लावलंय हेच आपण विसरतो, म्हणून लावल्या जागी एक काठी किंवा नावाची पट्टी खोचून ठेवा.

काटकपणाचंही तसंच, तो हवेवर ठरतो. आपली सदाफुलीच बघा, जिथे पाणी गोठवणारी थंडी पडत नाही तिथे ती वर्षानुवर्षं जगते, आणि जिथे हिमकण पडतात तिथे तीच सदाफुली एका हंगामाचं झाड होऊन जाते. तेव्हा रोप घ्यायच्या आधी आपल्याकडे वर्षातली सगळ्यात थंड रात्र किती अंशांपर्यंत जाते हे माहीत करून घ्या. रोपांच्या लेबलवर 'झोन 5' असं जे लिहिलेलं असतं ती अमेरिकन कृषी खात्याची पद्धत आहे, त्यात एकूण 13 झोन, प्रत्येक झोन 10 अंश फॅरनहाइटचा, म्हणजे साधारण साडेपाच अंश सेल्सियस. झोन 5 म्हणजे साधारण उणे 29 ते उणे 23 सेल्सियसपर्यंत तग धरणारं. ब्रिटिश पद्धतीत एच1 ते एच7 असे दर्जे असतात, एच7 सगळ्यात काटक. पण हे आकडे फक्त थंडीचे आहेत, उन्हाळा किती कडक, हवा दमट की कोरडी, ओल किती दिवस राहते याबद्दल ते काहीच सांगत नाहीत. गरम हवेच्या ठिकाणी पिओनी लावून बसलात तर फुलणार नाही, तिला थंडीची झोप लागतेच, तिथे डेलिली, शेवंती जास्त सुखाने राहतात. आणि कुंडीत लावणार असाल तर आपल्या झोनपेक्षा दोन झोन जास्त काटक रोप घ्या, कारण कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी थंडी लागते.

जागा बघा, मग रोप

एक सुट्टीचा दिवस काढा आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी जागेवर ऊन कुठे पडतं ते नुसतं बघा. सहा तास किंवा जास्त थेट ऊन म्हणजे भरपूर ऊन, तीन ते सहा म्हणजे अर्धं, त्याखाली सावली. आयरिस, लॅव्हेंडर, एकिनेशिया, सेडम, शेवंती यांना भरपूर ऊन, आणि होस्टा, नेचे, ॲस्टिल्बी यांना सावली.

मग निचरा. एक फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरू द्या, परत भरा आणि आता घड्याळ लावून बघा पातळी तासाला किती उतरते. इंचभर किंवा जास्त उतरली तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर तिथे लॅव्हेंडर किंवा दाढीवाला आयरिस (पाकळीवर दाढीसारखे केस असतात तो) लावू नका, एकतर वाफा आठ-दहा इंच उंच करा किंवा ओल आवडणारी झाडं निवडा, सायबेरियन आयरिस आणि ॲस्टिल्बी तिथे खूश असतात. थंडीत झाडं गारठून मरतात असं आपण म्हणतो खरं पण त्यातली कितीतरी मुळाशी साचलेल्या पाण्याने कुजून मेलेली असतात.

माती चिकण असो की रेताड, दोन्हीला औषध एकच, सेंद्रिय खत. फुलांच्या वाफ्यात दोन-तीन इंच कंपोस्ट किंवा चांगलं कुजलेलं शेणखत पसरून वरच्या आठ-दहा इंच मातीत मिसळा. चिकणमातीत वाळू मिसळायचा मोह होतो, तो टाळा, थोडी वाळू घातली तर माती आणखी घट्ट दगडासारखी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाफशावर काम करा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, हा वाफसा. चिखल असताना वाफ्यात पाय ठेवला तर माती अशी दबते की ती मोकळी व्हायला वर्षं जातात.

रोप निवडताना फुलं बघू नका प्लीज. फुललेलं रोप सगळी ताकद फुलात घालवत असतं. कळीत असलेलं किंवा नुसतं पानांचं, बुडाशी भरपूर फुटवे असलेलं रोप घ्या, कुंडीतून हलकेच बाहेर काढून मुळं बघा, पांढरट-फिकट मुळं चांगली, काळी लिबलिबीत नकोत, नुसता मुळांचा गुंडाळा झालेला असेल तर तेही ठेवा परत.

फुलझाड लावायचं कसं

ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ बघा. कुंडीसकट रोप आधी पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद आणि तेवढाच खोल. गुंडाळलेली मुळं बोटांनी मोकळी करा, नाही सुटली तर चाकूने तीन-चार उभ्या चिरा द्या, घाबरू नका, चिरलेल्या जागेतूनच नवी मुळं बाहेर पडतात. मग ठेवा, मान जमिनीच्या पातळीत, माती भरून हाताने दाबा, पायाने नाही, आणि भरपूर पाणी.

बहुतेकांना हीच पातळी लागू पडते पण काहींचे नखरे आहेत. पिओनीचं वर सांगितलंच. दाढीवाल्या आयरिसचा गड्डा अर्धा मातीच्या वर दिसला पाहिजे, त्याच्या पाठीवर ऊन पडावं लागतं, मातीत पूर्ण गाडला की फूल तर जातंच, गड्डाही सडतो. त्याच्यावर आच्छादनही घालायचं नाही.

अंतर मात्र लेबलवर लिहिलंय तेवढंच ठेवा. पहिल्या वर्षी वाफा रिकामा-रिकामा दिसतो आणि हात शिवशिवतात अजून रोपं कोंबायला, तिथे हंगामी फुलं लावून वेळ मारून न्या. कारण बहुवर्षायू झाडाचं बाळासारखं असतं, पहिल्या वर्षी झोपतं, दुसऱ्या वर्षी रांगतं आणि तिसऱ्या वर्षी धावत सुटतं. पहिल्या वर्षी वर काही दिसत नाही कारण सगळं काम खाली मुळांचं चाललेलं असतं, त्यावेळी युरिया-बिरिया घालून त्याला हलवू नका, नत्र जास्त झालं की लुसलुशीत पानं येतात, त्यावर मावा येतो, आणि फुलं कमीच.

पाणी द्यायचं ते बुडाशी, सकाळी, आणि कमी वेळा पण खोलवर. रोज झारीने वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात झाड माना टाकतं. बोट दोन इंच खुपसून बघा, आत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. फ्लॉक्सवर तर पानांवर पाणी आणि गर्दी, दोन्ही टाळा, पांढरी भुरी पसरते. मग वर दोनेक इंच पालापाचोळ्याचं आच्छादन, फक्त मानेपासून तीन-चार बोटं लांब.

वर्षभराची देखभाल

वाळलेली फुलं खुडत राहा, बी धरायची ताकद वाचते आणि बऱ्याच झाडांना दुसरा बहर येतो. उंच वाढून आडवी पडणारी झाडं, सेडम, ॲस्टर, शेवंती, यांची वसंताच्या शेवटी म्हणजे कळ्या धरायच्या आधी एक तृतीयांश उंची छाटून टाका, फुलं दोन-तीन आठवडे उशिरा येतात पण झाड गच्च होतं आणि आधाराची काठी लागत नाही. लॅव्हेंडर छाटताना मात्र जपून, हिरव्या पानांच्या खाली जुन्या लाकडात कात्री गेली की तिथून ती सहसा परत फुटत नाही.

तीन-चार वर्षांनी एक गोष्ट दिसेल, झुडपाचा मधला भाग विरळ किंवा मेलेला आणि कडेने गोल रिंगण हिरवं. रोग नाही तो, झाड सांगतंय मला वेगळं करा. अख्खा गड्डा खणून काढा, कुदळीने किंवा दोन दाताळी पाठीला पाठ लावून फोडा, प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच कोंब आणि त्याची मुळं राहतील असं बघा, मधला जुना लाकडासारखा भाग फेकून द्या आणि कडेचे ताजे तुकडे लावा. कधी करायचं तर वसंत-उन्हाळ्यात फुलणाऱ्यांचं शरदात, जमीन गोठायच्या चार-सहा आठवडे आधी, आणि शरदात फुलणाऱ्यांचं वसंतात. आयरिसचं बहर संपल्यावर साधारण दीड महिन्याने. पिओनीला उगाच हलवू नका, ती एका जागी पन्नास वर्षं सहज काढते. सोटमूळवाली ल्युपिन आणि लाकडी बुडाची लॅव्हेंडर फोडायची नसतातच.

थंडीच्या आधी सगळं साफसूफ करून टाकायची घाई करू नका असं माझं मत आहे. एकिनेशियाच्या वाळक्या बोंडांतलं बी पक्षी खातात, पोकळ दांड्यांत मधमाश्यांच्या जातीतल्या काही एकट्या राहणाऱ्या माश्या घर करतात. रोगट पानं तेवढी काढून टाका, भुरीवाला फ्लॉक्स, डागाळलेली पिओनी वगैरे, बाकी वसंतात छाटा. बर्फाच्या प्रदेशात नव्या रोपांवर आच्छादन घालायचं ते जमीन गोठल्यावर, कारण गोठणं-वितळणं सारखं चालू राहिलं की माती रोपाला वर ढकलून बाहेर काढते, ते थांबवायला ते आच्छादन असतं.

घरात लहान मुलं किंवा कुत्री-मांजरं असतील तर कण्हेर, फॉक्सग्लोव्ह आणि मंक्सहूड यांचा विचार नीट करा, तिन्ही चांगलीच विषारी आहेत.

आता मोठी झाडं

झाड लावताना आजची काठी बघू नका, पंचवीस वर्षांनंतरचा विस्तार बघा. वर विजेच्या तारा आहेत का, भिंत किती लांब, खालून पाइप जातो का. विलोसारखी पाणी शोधणारी झाडं ड्रेनेजपासून लांबच ठेवा. लहान बागेला क्रॅबॲपल, जॅपनीज मेपल, लहान जातीचं मॅग्नोलिया पुरतं, ओकची हौस मोठ्या मोकळ्या जागेसाठी. आणि फार मोठं तयार झाड विकत घ्यायचा मोह नको, कारण उपटून आणलेल्या झाडाची बरीच मुळं मागेच राहिलेली असतात, खोडाच्या दर इंच जाडीला साधारण एक ते दीड वर्ष त्याला रुळायला लागतं, म्हणून चार इंची झाड अजून सावरत असतं तोवर इंचभर जाडीचं रोप बरेचदा त्याला गाठतं.

आता मान शोधा. नर्सरीच्या कुंडीत किंवा गोणपाटाच्या गड्ड्यात ती कधीकधी तीन-चार इंच मातीखाली असते, म्हणजे खोड मातीत शिरताना सरळ खांबासारखं दिसलं तर समजा मान गाडलेली आहे. वरची माती खरवडत जा, खोड पसरट होऊन पहिली जाड मुळं दिसली की थांबा. ही जागा लावल्यावर जमिनीच्या पातळीत किंवा इंचभर वर हवी. खड्डा तेवढाच खोल, पण रुंदी गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट, कारण मुळं खाली नाही तर आडवी पळतात, बहुतेक सगळी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर जातात. खड्ड्याचा तळ कुदळून भुसभुशीत करू नका, नंतर माती बसते आणि झाड खाली जातं.

खोडाभोवती गोल फिरलेलं मूळ दिसलं तर सिकेटरने कापा, न चुकता. माझं एक मॅग्नोलिया सहाव्या वर्षी एका बाजूने वाळत गेलं, उकरलं तेव्हा लहानपणी कुंडीत गोल वाढलेलं मूळ आता मनगटाएवढं होऊन खोडाला आवळून बसलं होतं. लावायच्या दिवशी ते पेन्सिलीएवढं असणार, एका कात्रीचं काम होतं. अजून वाईट वाटतं त्या झाडाचं. गोणपाट, तार, सुतळीही काढून टाका, निदान वरचा अर्धा भाग तरी.

भरायला तीच खणलेली माती वापरा, कंपोस्ट खड्ड्यात नको. फुलांच्या वाफ्यात आपण सगळी जमीन सुधारतो ते ठीक, पण झाडाचा एकच खड्डा लोण्यासारखा केला तर मुळं त्यातच घुटमळतात आणि चिकणमातीत तर तो खड्डा पाण्याचं भांडं होतो. कंपोस्ट वरून पसरा. अर्धी माती भरली की पाणी सोडा म्हणजे हवेच्या पोकळ्या बसतात, मग उरलेली भरा, गड्ड्याच्या कडेने आळं करा.

आच्छादन दोन ते चार इंच, जितकं रुंद घालाल तितकं चांगलं, कारण गवत कोवळ्या झाडाचं पाणी ओढून घेतं आणि गवत कापायचं मशीन खोडाला लागून साल निघते ते वेगळंच. पण खोडाला टेकवून ढीग रचू नका, बरेच लोक डोंगर करतात तसा, ओल धरून साल कुजते. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी, आणि सगळं मिळून ताटलीसारखं.

काठी सगळ्यांनाच लागत नाही. झाड स्वतःच्या बळावर उभं राहत असेल तर नका बांधू, वाऱ्यात हलल्यानेच खोड जाड होतं. बांधलंच तर खालच्या तिसऱ्या भागात, रुंद मऊ पट्ट्याने, सैल, आणि वर्षभरात सोडा.

पाणी पहिले दोन आठवडे रोज किंवा दिवसाआड, मग दोन-तीन महिने दर दोन-तीन दिवसांनी, पुढे रुळेपर्यंत आठवड्यातून एकदा खोलवर, पाऊस बघून. गड्ड्याच्या आतली माती आणि बाजूची माती दोन्ही तपासा कारण बाहेर ओल आणि आत गड्डा कोरडा ठाक असं नेहमी होतं.

छाटणीचं थोडक्यात. पहिल्या वर्षी फक्त मोडलेलं आणि मेलेलं काढा. मग दोन-तीन वर्षांनी एक सरळ शेंडा ठेवून बरोबरीने वाढणारा दुसरा शेंडा कापा, तो तसाच राहिला तर पुढे मोठेपणी तिथूनच झाड फाटतं. फांदी कापायची ती खोडाला लागून सपाट नाही आणि खुंट ठेवूनही नाही, फांदीच्या बुडाशी जी फुगीर कॉलर असते तिच्या जरा बाहेरून. हे ॲलेक्स शिगो नावाच्या अमेरिकन संशोधकाने हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून आतून बघून दाखवलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड ती आत भिंत घालून बंद करतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. कॉलर कापली तर ती भिंतच अर्धी राहते. म्हणून जखमेला रंग-डांबर लावायचीही गरज नाही. जड फांदी असेल तर तीन कापांत, आधी खोडापासून फूटभर लांब खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून, फांदी पडली की शेवटी कॉलरजवळचा. एका वर्षात जिवंत फांद्यांच्या पाव भागापेक्षा जास्त काढू नका, आणि वरून शेंडेच उडवून टाकायचं काम कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

एकदा लावून झालं की वर्षातून एकदा, वसंतात कोंब दिसायला लागले की, प्रत्येक झाडापाशी खाली बसा आणि हाताने माती-पाचोळा बाजूला करून मान बघा, सरकलेलं आच्छादन मागे ओढा, विसरलेली दोरी किंवा लेबलची तार खोडात रुतत असेल तर कापा. दहा-बारा झाडं असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे.